जहाजाच्या तळाशी सापडलेला माणूस

मर्जान जहाज, खसबची खाडी
९ रजब, ११०६

अल्लाचं नाव घेऊन, मुहन्नाच्या आईस, जुवैनास, खलफानचा सलाम.

मी ठीक आहे. पत्र थानी कातिब लिहितोय, म्हणून अक्षर असं देखणं. बोलणं मात्र माझंच आहे. मी त्याला बजावलंय, मी बोलेन तेवढंच लिही, मधे स्वतःची शायरी घुसडू नकोस. (घुसडत नाही, वहिनी. पण हा गेली दोन पानं नुसता पाण्याबद्दल बोलतोय, ती मी गाळली आहेत. – थानी)

मतरह सोडून अठरा दिवस झाले. जहाजावर तीनशे माणसं आणि अठ्ठेचाळीस तोफा आहेत, आणि तोफांना आमच्यापेक्षा जास्त जागा आहे. माझी तोफ खालच्या मजल्यावर, डाव्या कुशीला, तिसरी. तिथं ताठ उभं राहिलं की डोकं तुळईवर आपटतं, म्हणून आम्ही सगळे शंभरी गाठल्यासारखे वाकून चालतो. माझ्या हाताखाली सहा जण. त्यांतला दोस्तीन बलुची दारू ठासायचा गज चालवतो, आणि तोंडही. पिंपातलं पाणी हिरवं झालंय. दोस्तीन म्हणतो, नाक दाबून प्यायलं तर पाणी, न दाबता प्यायलं तर कालवण.

तू बांधून दिलेली सुकी मुशी संपली. एकट्यानं खाल्ली नाही, पण खाल्ली असती तर बरं झालं असतं.

समोरच्या इराणी किनाऱ्यावरच्या काँग बंदरातून फिरंग्यांचं एक मोठं जहाज बाहेर पडणार, अशी खबर आहे. आम्ही त्याचीच वाट बघतोय. काळजी करू नकोस. मौजाला सांग, बाबानं देवमासा बघितला. मुहन्नाला सांग, तो त्याच्याएवढाच हट्टी होता, दोन दिवस जहाजाच्या मागं येत होता. आईचे पाय दुखतात का अजून?

तुझा खलफान

मतरह
१६ रजब

खलफान,

पत्र पोचलं. थानीभाऊंना सांग, गाळलेली पाण्याची दोन पानं पुढच्या वेळी पाठवा, इथं विहिरीचंही आटत चाललंय.

आईचे पाय दुखतात, पण जीभ चांगली चालते. तुला कळवणार नव्हते, पण बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. परवा माझं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. त्या तुझ्यासाठी दुआ मागतात तेव्हा हुमैदचंही नाव घेतात, तेही जिवंत माणसाचं घ्यावं तसं. आजवर मी ऐकून सोडून दिलं. पण परवा मौजानं विचारलं, ‘आजी, हुमैद कोण?’ तर म्हणाल्या, ‘तुझा खरा बाप. येईल.’

पोरगी पांढरीफटक पडली. आपण तिला मोठी झाल्यावर सांगणार होतो ना? आता तिला सगळं कळलंय, आणि ती माझ्याशी बोलत नाही.

मग माझाही तोल गेला. म्हटलं, ‘आई, नऊ वर्षं झाली. दीवच्या किनाऱ्याला तुमच्या थोरल्याचं गलबत फुटलं, परत आलेल्या दोघांनी शपथेवर सांगितलं की तो बुडाला. पोटात पोर घेऊन मी चार वर्षं तुमच्याच दारात बसले. तो मेला असा काजींनी निकाल दिला, तेव्हा कोण म्हणालं होतं, बाहेर जाऊ नकोस, धाकट्याशी, खलफानशी निकाह लाव म्हणून? तुम्हीच ना?’

तर म्हणाल्या, ‘मीच म्हणाले. नातवंड घरात राहावं म्हणून म्हणाले. पण आईला निकाल लागू होत नाही.’

मी भांडी घासायला निघून गेले.

रागावू नकोस. जपून राहा. तोफ उडताना तोंड उघडं ठेवायचं, कानांना बरं असतं, असं शेजारचा म्हातारा सांगत होता. तुझं तोंड तसंही उघडंच असतं.

जुवैना

मर्जान, खोर फक्कान
२७ रजब

जुवैना,

मी जिवंत आहे. खरचटल्यापलीकडे काही नाही. हे सगळ्यांत आधी लिही म्हटलं थानीला.

लढाई २३ तारखेला झाली. सकाळी फिरंगी दिसला. दुपारी संपलं. तुला सगळं सांगणार नाही. पहिल्या फैरीनंतर तोफांच्या मजल्यावर काही दिसत नाही, नुसता धूर. कानही जातात. मग फक्त हात बघायचे, कुणाचा हात काय मागतोय. दोस्तीन गज घेऊन वाकला होता, एवढ्यात समोरची फळी फुटली. गोळा त्याला लागलाच नाही. लाकडाची ढलपी लागली, वीतभर. तो माझ्याकडे बघून ‘काय झालं?’ म्हणाला आणि खाली बसला. मी ओरडलो, ‘ऊठ, वेळ नाही!’ तो मेला होता, आणि मी त्याला ऊठ म्हणत होतो.

मग जहाजाच्या नाखुदांचा हुकूम आला, पाण्याच्या रेषेवर मारा. मारलं. तासाभरात फिरंगी एका अंगाला कलला, आणि त्यानं शिडं उतरवली.

आम्ही त्याच्यावर चढलो. तळाशी, पाणी उपसायच्या बंबांना साखळीनं बांधलेले अकरा कैदी होते. आपलीच माणसं, इकडच्याच किनाऱ्यांची. छातीभर पाणी होतं. चौघे जिवंत निघाले. बाकीच्यांना साखळ्या तोडेपर्यंत… थानी, एवढं पुरे.

जहाजाची दुरुस्ती चालली आहे, परतायला वेळ लागेल. आईला यातलं काही सांगू नकोस. आणखी लिहिण्यासारखं नाही.

खलफान

*वहिनी, हे खालचं त्याला वाचून न दाखवता लिहितोय. तो जेवत नाही. सुटलेल्या चौघांपैकी एकाचा उजवा हात कोपराच्या वरून कापावा लागला. लढाई झाल्यापासून खलफान त्या माणसाच्या उशाशी बसून आहे. कुणाला जवळ फिरकू देत नाही. यादीत लिहायला मी नाव विचारायला गेलो, तर अंगावर धावून आला, ‘याला नाव नाही, चालता हो!’ बारा वर्षांची आमची दोस्ती, कधी आवाज चढवला नव्हता त्यानं. लढाईनंतर माणसं अशी होतात, मी पाहिली आहेत. धीराचे दोन शब्द लिहा. – थानी*

मतरह
४ शाबान

खलफान,

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसले. जिवंत आहेस, बस्स. बाकी सगळं नंतर.

थानीभाऊंनी खाली काय लिहिलं ते मी वाचलं, त्यांच्यावर चिडू नकोस. मला कळतंय तुला काय झालंय ते. दोस्तीनला ‘ऊठ’ म्हणालास, ते तुझ्या मनात बसलंय. त्याला वाचवता आलं नाही, म्हणून आता या दुसऱ्याला धरून बसला आहेस. यात लाजण्यासारखं काय आहे? बस खुशाल. पण जेव. उपाशी माणूस आजाऱ्याची काय सेवा करणार?

त्या माणसाचं नाव मात्र विचार. नाव नाही असं कसं म्हणतोस? कुणीतरी ठेवलंच असेल ना! कोणत्या गावचा, कोणाचा, सगळं विचार आणि कळव. कुठंतरी एखादी बाई त्याच्यासाठी दारात बसली असेल. तिला आज कळलं तर ती आज उठेल. हे मी सांगायला हवं का तुला? दारात बसणं म्हणजे काय, ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणि त्याचं कुणी नसेल तर त्याला इकडे घेऊन ये. मागची खोली मी आजच झाडून घेतली. सोबत मध आणि हळद पाठवतेय, जखमेला लाव. लिंबं त्याच्यासाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत.

आईला सांगू नकोस म्हणालास, पण लढाईची बातमी बंदरावर आधीच आली होती. सुटलेले कैदी आहेत हे ऐकल्यापासून त्या माझ्या मागं लागल्या आहेत, ‘लिही त्याला, त्यांच्यातल्या कुणी माझ्या हुमैदला पाहिलं होतं का विचार.’ त्यांच्या समाधानासाठी विचार. नाही म्हटले तरी चालेल.

मौजा आता बोलते थोडं. काल म्हणाली, ‘बाबा आला की त्यालाच विचारीन मी कुणाची ते.’ तयारीत राहा.

जुवैना

खोर फक्कान
११ शाबान

जुवैना

हे मी लिहितोय. माझ्या हातानं. तू शिकवलेली अक्षरं आहेत, चुकली तर चुकली. थानीला हे सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.

तो हुमैद आहे.

पुन्हा लिहितो. ज्या माणसाचं नाव विचार म्हणालीस तो माझा भाऊ हुमैद आहे.

मी त्याला ओळखलं नव्हतं. केस, दाढी, अंगावर नुसती हाडं. हात लोंबत होता. मी त्याला खांद्यावर टाकून शिडी चढत होतो, तर तो कानाशी म्हणाला, ‘हळू रे, गाढवाच्या नातवा.’ हुमैदच मला असं म्हणायचा. मी म्हणायचो, आजा तर तुझाही तोच आहे. माझे पाय शिडीवरच थांबले. मागचे ओरडत होते, चल, चल. मला चालता येईना.

आणखी एक आहे. नाखुदांनी पाण्याच्या रेषेवर मारा म्हटलं तेव्हा आमच्या कुशीच्या तीनच तोफा चालू होत्या. पहिलीचा गोळा अलीकडे पडला. दुसरी फार वर गेली. बंबांच्या जागी जे भगदाड पडलं ते माझ्या तोफेचं. मी स्वतः नेम धरला होता. लागला तेव्हा मी हसलो होतो, जुवैना. पोरांनी माझी पाठ थोपटली. सात माणसं तिथं बुडाली आणि माझ्या भावाचा हात गेला.

तो आता शुद्धीवर आहे. ताप उतरला. तुझा मध लावतोय. त्यानं पहिलं विचारलं, आई? म्हटलं, आहे. मग विचारलं, जुवैना? म्हटलं, आहे. मग म्हणाला, ‘पोटात होतं ते?’ मी म्हटलं, मुलगी, मौजा, नऊ वर्षांची. तो भिंतीकडे तोंड करून पडला, खांदे हलत होते. पुढचं मला सांगता आलं नाही. तो म्हणाला, ‘तू सांभाळलंस त्यांना.’ मी म्हटलं, हो.

खरं सांगतो. पहिले तीन दिवस, तो तापात होता तेव्हा, मी मनात म्हणत होतो की हा आता जाईल. कुणाला कळणार नाही. मी त्याच्या तोंडात पाणी घालत होतो आणि हे म्हणत होतो. दोन्ही खरं आहे. म्हणून मी थानीला नाव सांगितलं नाही.

कायदा तुला माहीत आहे. तू काजीची भाची. हरवलेला नवरा परत आला तर निवड त्याची. त्यानं तुला मागितलं तर आपला निकाह तुटतो.

मी काय करू?

खलफान

मतरह
१७ शाबान

तुझं पत्र आलं तेव्हा मी मासे तळत होते. पुढं काय झालं ते नीट आठवत नाही. घरभर धूर झाला म्हणून शेजारीण धावत आली. मासे जळून कोळसा झाले होते आणि मी चुलीपुढे बसून होते म्हणे.

तीन वेळा वाचलं. तू अक्षरं चुकवलीस असं वाटलं. एकही चुकलेलं नाही.

मी आईला सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील, सजदा करतील, मला म्हणतील, बघ मी सांगत होते. त्यांनी माळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘खोटं आहे.’ मी पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘माझा हुमैद मेला. नऊ वर्षांपूर्वी मेला. मला उगाच आशा दाखवू नका, मी म्हातारी बाई आहे.’ नऊ वर्षं जी बाई तो येणार म्हणून माझ्याशी भांडली, तीच म्हणते खोटं आहे. मी कुणाकडे बघू आता?

मग मामांकडे गेले, म्हणजे काजींकडे. पडद्यामागून विचारलं. तू लिहिलंस तेच म्हणाले, ‘निवड त्याची.’ मी विचारलं, ‘आणि माझी?’ ते म्हणाले, ‘बेटी, तो जिवंत आहे, आधी अल्लाचा शुक्र कर.’

शुक्र केला. करायला हवाच. पण तू तुझं खोल दडलेलं मला सांगितलंस, तर माझंही ऐक. तो जिवंत आहे हे वाचल्यावर मला आधी आनंद झाला नाही. भीती वाटली. ज्या माणसासाठी मी चार वर्षं दारात बसले, तो दारात येणार म्हणून मला भीती वाटली. ही लाज कुठं ठेवू?

तू काय करायचं विचारतोस. सांग त्याला. आपल्या लग्नाचं सांग, मुहन्नाचं सांग, आणि तोफेचंही सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत, तू, तुझ्या तोंडानं. त्यानं तुझा गळा धरला तर धरू दे. पण त्याच्या तोंडात पाणी घालताना तू जे मनात म्हणत होतास, ते सांगू नकोस. ते माझ्याजवळ राहू दे.

तू भाऊ म्हणून काय केलंस, त्याचा न्याय मी करणार नाही. माझे तर मासे जळाले.

जुवैना

खोर फक्कान
२३ शाबान

जुवैना,

सांगितलं.

आधी तोफेचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘तुला माहीत आहे, आम्ही खाली काय करत होतो? तुमचा गोळा लागला की आम्ही साखळ्या वाजवायचो. फिरंगी चाबूक मारायचा, तरी वाजवायचो. तो शेवटचा गोळा आला तेव्हा सगळ्यांत जोरात वाजवल्या. नेम चांगला होता तुझा.’ असं म्हणून हसला. मला ते हसणं बघवलं नाही.

मग दुसरं सांगितलं.

तो उठून बसला. मी म्हटलं, ‘भाई, मार मला.’ तो म्हणाला, ‘कशानं?’ आणि उरलेल्या हाताकडे बघितलं. मग तोंड फिरवलं. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेत नाही. थानीकडून घेतो. थानीला आता सगळं कळलंय. तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागायचा प्रयत्न करतो, आणि ते जास्त लागतं.

काल त्यानं थानीला सांगून मतरहच्या गलबतावर जागा मिळवली. तो घरी येतोय. मी नाखुदांचे पाय धरले, मलाही सोडा म्हणून. ते म्हणाले, तीन गोलंदाज मेलेत, चौथा कुठून आणू? डोलकाठी बसली की आम्हाला पुन्हा खसबला जायचंय. मला उतरता येणार नाही.

जाताना तो माझ्यासमोर थांबला. म्हणाला, ‘नऊ वर्षं मी एकच नाव घेऊन जगलो. ते मी मागणार.’ तो थोरला आहे. मी म्हटलं, ‘हक्क आहे तुझा.’

मुहन्नाला कडेवर घे आणि त्याला सांग… काय सांगशील, मला सुचत नाही.

खलफान

मतरह
५ रमजान

खलफान,

सहा दिवस झाले. आज लिहिते.

तो दुपारी आला. मी दार उघडलं. समोर एक वाकलेला माणूस, दाढी पांढरी, उजवी बाही गाठ मारलेली. मी त्याला ओळखलं नाही. मला माहीत होतं तोच येणार आहे, तरीही ओळखलं नाही. त्यानंही मला ओळखायला वेळ घेतला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो, परक्या घरी आल्यासारखे.

आतून आई म्हणाल्या, ‘कोण आहे?’

‘मी, आई.’

‘हुमैदचा आवाज असा नव्हता.’

तो आत जाऊन त्यांच्यापुढे बसला. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग खांद्यावरून खाली, उजव्या बाजूला, जिथं हात असायला हवा होता. रिकामी बाही हाताला लागली. आणि त्या दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागल्या, ‘नऊ वर्षं! नऊ वर्षं!’ तो मार खात बसला. थोड्या वेळानं दोघंही एकाच आवाजात रडत होते, रडणं कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं.

मौजानं पाणी आणलं. त्यानं नाव विचारलं. ती म्हणाली, ‘मौजा. खलफानची मौजा.’ त्यानं पाणी पिऊन भांडं परत दिलं.

तिसऱ्या दिवशी काजींपुढे गेलो. मामा, दोन साक्षीदार, आई, तो आणि मी. मामांनी विचारलं, ‘हुमैद, काय मागणं आहे?’

‘माझी बायको.’

‘हक्क आहे. खलफानशी झालेला निकाह संपला.’

एवढंच. चार शब्दांत माझं एक लग्न मोडलं आणि दुसरं पुन्हा जोडलं. मला कुणी काही विचारलं नाही. कातिब लेखणी बुडवत होता. मी त्या लेखणीकडे बघत होते, आणि माझ्याच तोंडून आवाज आला, ‘बाईला सुटका मागता येते ना?’

मामा दचकले. म्हणाले, ‘येते. मेहर परत करून. नवऱ्याला कबूल असेल तर.’

मी हुमैदनं निकाहात मेहर म्हणून दिलेली कंगणं काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

तो म्हणाला, ‘वाट नाही बघितलीस.’

मी म्हटलं, ‘बघितली. रोज. मग पोरीला गोवर आला, आई आजारी पडल्या, आणि एक दिवस असा गेला की मी दाराकडे बघितलंच नाही. ते लक्षात आलं तेव्हा मी पोटभर रडले, हुमैद. तुझ्यासाठी माझं रडून झालं ते त्याच दिवशी.’

‘मी तुझ्या नावावर जगलो.’

‘ती एकोणीस वर्षांची पोरगी होती. ती आता मलाही सापडत नाही, तुला कुठून देऊ?’

तो मामांकडे वळला. ‘मी नाही म्हटलं तर?’

‘तर ती तुझ्या घरी राहील. कायदा तुझ्या बाजूनं आहे.’

आईंनी माझा हात धरला होता, मला वाटलं त्या मला खाली बसवतायत. पण त्यांनी धरून ठेवलं, उभंच.

हुमैदनं कंगणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, ‘साखळीनं बांधलेलं माणूस काम कसं करतं, ते मला माहीत आहे. लिहा, काजीसाहेब. सोडलं.’ कंगणं त्यानं डाव्या हातानं उचलली. एक घरंगळलं, ते घरी जाऊन मौजाला दिलं, ‘तुझ्या आईचं आहे’ म्हणून. बाहेर पडताना माझ्याकडे बघितलं नाही. तो रागावलेला आहे. रागावू दे. एवढंही त्याच्याकडून काढून घेतलं तर उरेल काय?

तो आता आईच्या खोलीत राहतो. मी मागच्या खोलीत, मुलांसह. त्याचं जेवण आई करतात, गुडघे धरून.

आता नीट वाच. मामा म्हणाले, तीन महिने इद्दत. तोवर मी कुणाची नाही. त्याची नाही, आणि तुझीही नाही. आपला निकाह तुटला तो तुटलाच, मी सुटले म्हणून तो आपोआप जुळत नाही. बंदरावरच्या बायका मला सांगून गेल्या, ‘आता काय, खलफान आला की पुन्हा लावतील.’ लावतील! मला हसू आलं.

पहिल्या वेळी वडिलांनी ठरवलं. दुसऱ्या वेळी आईंनी. तिसऱ्या वेळी हुमैदनं मागितलं. तू चांगला नवरा होतास, हे मी लिहून देते. तुझ्यावर माझा जीव नाही असंही नाही. पण या घरात, इतक्या वर्षांत, मला कुणी विचारलं नाही, आणि तूही नाही. पाच वर्षांपूर्वी तूही आईंना हो म्हणालास, मला नाही.

तुझं जहाज परत येईल तेव्हा तू सरळ घरात येऊ नकोस. मामांकडे उतर. तिथून एकटा ये, दारात उभा राहा, आणि मला विचार.

मी काय उत्तर देईन, ते आज मला माहीत नाही. पण विचार.

जुवैना